चौमाशातलं घासलेट

मी भित्री होते, हे आधीच सांगून टाकते. आठवणी लिहायला बसलं की माणसं आपण किती धीट होतो ते रंगवून सांगतात. मला ते जमणार नाही. पाल दिसली तरी मी ओरडायची. अंधाराला भ्यायची, विजेला भ्यायची आणि लग्न होऊन अक्कलकुव्याला आल्यावर सासऱ्यांच्या खोकल्यालाही भ्यायला लागले. पण तो सगळा पोरखेळ होता. खरी भीती मला कळली ती लढाईच्या दिवसांत, आणि ती कशाची, तर आमच्याच घरात आम्हीच भरून ठेवलेल्या अर्धा डबा घासलेटाची. तोफेला घाबरलेली माणसं असतील, आम्ही डब्याला घाबरलो.

आमचं दुकान पेठेच्या तोंडाशीच होतं. पुढे दुकान, मधे एक दार, मागे घर आणि त्याच्याही मागे लाकडं-गोवऱ्यांची खोली आणि परसदार. दुकानात मीठ, गूळ, मिरची, तंबाखू, काड्यापेट्या आणि कोपऱ्यात घासलेटाचं पिंप. गिऱ्हाईक बहुतेक डोंगरातलं. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून माणसं सकाळपासून उतरत. हातात गळ्याला दोरी बांधलेली रिकामी बाटली असे. चारोळी, डिंक, कोंबडी जे आणलं असेल ते विकायचं, मीठ घ्यायचं, बाटली भरून घ्यायची आणि ऊन कलायच्या आत डोंगराची वाट धरायची.

घरात माणसं तीन: सासरे, सासूबाई आणि मी. माझा नवरा सुरतेला त्याच्या मामांच्या कापडदुकानात होता, सणावाराला यायचा. आम्ही मारवाडी जैन, पण दोन पिढ्यांपासून इथलेच. सासूबाई तळोद्याच्या, मी शहाद्याची, त्यामुळे घरात बोलणं अहिराणीच. रीत मात्र मारवाडची राहिली. सासऱ्यांपुढे हनुवटीपर्यंत घुंगट, आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता, आणि त्यांनीही मला उद्देशून एक शब्द काढलेला नव्हता. 'घरमा सांगी दे' असं ते सासूबाईंना म्हणत. ते 'घर' म्हणजे मी.

लढाई कुठे चालली होती ते मला धड माहीत नव्हतं. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला अशी बातमी आली त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. मला वाटलं, तिकडे नात्यातलं कोणी असेल. मी सासूबाईंना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नातं कसानं? घासलेट तठेतीन येस." ज्या देशाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं तो देश इतके दिवस आमच्या कंदिलात जळत होता, याचं मला फार नवल वाटलं.

मग भाव चढायला लागला. दर बाजारी नवा भाव. डोंगरातली माणसं मागच्या बाजाराच्या हिशेबाने पैसे मुठीत धरून येत आणि नवा भाव ऐकून तशीच उभी राहत. सासऱ्यांना ते बघवत नसे. ते स्वतःच त्या भावाने घेत होते, तरी अपराध्यासारखे खाली बघून बोलत. पेठेतल्या काही दुकानदारांनी मात्र पिंपावर गोणपाटं टाकून ठेवली आणि भाव आणखी चढायची वाट बघत बसले. सरकारने जे केलं ते ह्यांच्यासाठी केलं, हे मला आजही कबूल आहे. भाव मोकळा सोडला असता तर गरिबाच्या घरात वातही पेटली नसती.

तर सरकारने भाव बांधून दिला. दवंडी पिटली, चावडीवर छापील कागद लागला, आणि प्रत्येक दुकानाने पाटीवर भाव लिहून ती बाहेर टांगायची असा हुकूम आला. पाटी टांगली आणि पेठेतलं घासलेट नाहीसं झालं. बांधलेल्या भावाने कोणी विकेना. मग परवाने आले. पेठेत दोनच दुकानांना परवाना मिळाला, त्यात एक आमचं, कारण सासऱ्यांच्या सरळपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. मग कार्डं आली. एका घराला दर बाजारी एक बाटली. त्या बाजारी उचलली नाही तर ती गेली, पुढच्या बाजारी मिळायची नाही. मोटारीचं तेलही सरकारने आवळलं होतं. आमच्या रस्त्यावरची मोटार आता मागे कोळशाची भट्टी लावून धावायची. चढ आला की उतारू खाली उतरून ती ढकलायचे आणि काळ्या तोंडाने गावात शिरायचे. त्यांना बघून मी घुंगटात हसत असे. पुढे त्याच मोटारीचा आवाज ऐकून माझं हसू पळणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

सासरे सरकारला फार भ्यायचे. त्यात प्रेम नव्हतं, तिरस्कारही नव्हता, नुसती भीती. पाटी रोज पुसून पुन्हा लिहायचे, एखादं अक्षर पुसट झालं तर गुन्हा होईल म्हणून. संध्याकाळी पिंपात काठी बुडवून बघायचे, रजिस्टर उघडून बघायचे, पुन्हा काठी बुडवायचे. दोन्ही जुळलं की 'हुश्श' म्हणायचे. त्यांचा तो 'हुश्श' आला की घर जेवायला बसे. म्हणजे सूर्य मावळायच्या आत, कारण रात्री अन्न नाही हा आमचा नियम.

आता नेमाचं सांगते. चौमाशात दिव्यावर किडे-पतंग येतात आणि जळून मरतात. जीवहत्या नको म्हणून आमच्यातल्या काही बायका त्या चार महिन्यांपुरता दिवा न लावण्याचा नेम धरत. त्या वर्षी साध्वीजींपुढे सासूबाईंनी तो नेम घेतला, आणि एकट्या स्वतःपुरता नाही, सगळ्या घरापुरता. मला कोणी विचारलं नाही. आषाढात दिवस मावळला की घर काळंठिक्कर. बाहेर धो धो पाऊस, छपरावर काय सरपटतंय कळत नाही, आणि मी पांघरुणात पाय पोटाशी घेऊन नवकार मंत्र म्हणत पडलेली. सासूबाईंचे पतंग सुखरूप होते. सुनेचं काय होतंय याची चौकशी कोणी केली नाही.

पण कार्डावरची बाटली तर दर बाजारी यायचीच. सासूबाई म्हणाल्या, "आपला कार्डनं तेल काढी ठेव. चौमासा उठना की लागी." सासऱ्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही. आपलं कार्ड, आपला हक्क. ते रीतसर कार्डावर खूण करत, बाटली भरून दाराशी ठेवत, आणि मी ती नेऊन मागच्या खोलीतल्या रिकाम्या डब्यात ओतत असे. डब्यावर एक फळी आणि फळीवर गोवऱ्या. लपवायचं म्हणून नव्हे, उंदरांनी डबा पाडू नये म्हणून. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं नसतं. बाकीच्या घरी बाटली चार दिवसांत संपायची आणि उरलेले दिवस अंधारात जायचे. आमच्या घरात मात्र पुण्य आणि घासलेट दोन्ही बरोबरीने साठत गेलं.

भादव्याच्या आधी नवा हुकूम आला. कोणत्याही घरात दोन बाटल्यांच्या वर घासलेट सापडलं तर तो साठा समजला जाईल. आणि परवानेवाल्याच्या घरात, दुकानाच्या पिंपाबाहेर, त्याहून थेंबभर जादा सापडलं तर तो चोरटा साठा. परवाना जाईल आणि माणूस तुरुंगात. सासऱ्यांनी तो कागद चावडीवर तीनदा वाचला. पण आपलं घर त्यांच्या डोक्यातच आलं नाही. चार दिवसांनी कोळशाच्या मोटारीने बातमी आणली की तापीकाठच्या एका गावात कंट्रोलचा, म्हणजे साठे तपासणारा साहेब आला, परवानेवाल्या दुकानदाराच्या माळ्यावर डबे सापडले आणि त्याला हाताला दोरी बांधून भर बाजारातून चालवत नेलं. म्हातारा माणूस, पायात वहाण नाही. सासरे ते ऐकत होते. मी दाराआड होते. त्यांच्या हातातलं मीठ मोजायचं माप खाली पडलं. ते उठून घरात आले, मागच्या खोलीत गेले आणि फळी उचलून डब्यात बघत उभे राहिले.

त्या घडीपासून आमच्या घरात भीती राहायला आली.

"वती दे," ते सासूबाईंना म्हणाले. "आत्तेच वती दे."

"कोठे वतू?" सासूबाई म्हणाल्या. "जमीनवर वतं तर मुंग्या मरतीन. नालीमा वतं तर नदीमा जाई, मासा मरतीन. चौमासामा हाई पाप मी घरमा नई व्हऊ देस."

"मंग जाळी टाक."

"मन्हा नेम शे."

"मुंग्या वाचतीन आनि मी जेलमा जासू!" सासरे ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ओरडून ते स्वतःच इतके घाबरले की बाहेर कोणी ऐकलं का ते बघायला दारापर्यंत गेले.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय, परत पिंपात ओतायचं. तेही झालं नसतं. पिंपात रजिस्टरापेक्षा जास्त भरलं तरी गुन्हाच होता. कमी भरलं तर काळाबाजार आणि जास्त भरलं तर कार्डवाल्यांना कमी दिलं. शेजारी द्यावं, तर शेजारी विचारणार, आलं कुठून? सासऱ्यांनी साहेबाला खरं काय ते कळवायला अर्ज लिहिला. 'सौभाग्यवतींच्या नेमामुळे' इथपर्यंत लिहून त्यांनी तो फाडला. दिवा न लावण्याच्या नेमामुळे घासलेट साठलं, यावर कोण विश्वास ठेवणार? मीच साहेब असते तर मी ठेवला नसता. आणि सासूबाई पिंपळाच्या मुळासारख्या रोवलेल्या. त्यांना साहेबाची भीती नव्हती असं नाही, पण पापाची जास्त होती.

डबा तिथेच राहिला. सासरे काठी बुडवायचे, रजिस्टर बघायचे, जुळायचं, पण 'हुश्श' येईना. जेवण त्यांना जाईना. एकदा घासलेटाचा वास येतो म्हणून त्यांनी दुपारी मागच्या खोलीत धूप घालायला लावला, मग इतका धूप का घातला असं कोणी विचारेल म्हणून तो विझवायला लावला. ते मागच्या खोलीकडे बघायचे नाहीत आणि न बघताही त्यांचं सगळं लक्ष तिकडेच. मी तर ओल्या सरपणासारखी आतून धुमसत होते. डबा मी भरला होता. प्रत्येक बाटली माझ्या हातची. सासऱ्यांच्या हाताला दोरी बांधली जाईल ती माझ्यामुळे, असं मला वाटायचं. मोटार वाजली की मी पाट्यावर वाटता वाटता थांबायची. ती पुढे गेली की मगच वरवंटा हलायचा.

त्या दिवसांत एक बाई आमच्या दुकानी येत असे. डोंगरातली, माझ्याच वयाची असेल, पाठीला झोळीत मूल. तिच्या गावाला कार्डं आलीच नव्हती. पाड्यांची यादी झाली नव्हती, नदीपलीकडे पावसाळ्यात कोणी कारकून गेला नव्हता, आणि यादी नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून तेल नाही. सरकारच्या कागदावर तिच्या गावात अंधार पडतच नसावा.

"शेठ, एक बाटली दे. घरमा बाळंतीण शे," ती म्हणायची. बाळंतीण तिची नणंद होती.

"कार्ड कोठे शे तुन्हं? कार्ड बिगर नई देता येत, बाई. सरकारना हुकूम शे."

"आमना गावले कार्ड उनंच नई."

सासरे मान हलवायचे. एकदा त्यांनी तिला काड्यापेटी फुकट दिली. ती त्या काड्यापेटीकडे बघत राहिली, पेटवायचं काय? असे तीन बाजार झाले. तिसऱ्या बाजारी सासऱ्यांनी तिला परत पाठवलं ते भरल्या दुकानात, दहा माणसांदेखत, जरा मोठ्यानेच. कोणी ऐकावं म्हणून ते मोठ्याने बोलत आहेत हे मला दाराआडून कळलं.

दुपारची वेळ. सासूबाई उपाश्रयात साध्वीजींच्या दर्शनाला गेल्या होत्या. मी भांड्यांचं पाणी टाकायला परसदारी गेले, तर ती बाई आमच्या परसातल्या निंबाखाली बसलेली. मुलाला पाजत होती. शेजारी रिकामी बाटली आणि पाण्याचा, वाळक्या भोपळ्याचा एक तुंबा. मी बघत उभी राहिले. आणि मला सुचलं.

मला दया आली, हे खरं. पण सोळा आण्यांत दया दोन आणे असेल. बाकी सगळी भीती होती. ओतायचं नाही, जाळायचं नाही, पिंपात टाकायचं नाही, विकायचं नाही. मग कोणी डोंगरापार घेऊन गेलं तर? मी तिला खुणेने बोलावलं. मागच्या खोलीत नेलं. गोवऱ्या बाजूला केल्या, नरसाळं लावलं आणि तिची बाटली भरली. तुंब्यातलं पाणी ओतून दिलं आणि तोही भरला. थोडं माझ्या लुगड्यावर सांडलं. ती पैशासाठी कंबरेची गाठ सोडायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

"पैसा नको. पन कोनले सांगू नको. कोनलेच नई."

"नई सांगू," ती म्हणाली.

मी आत येऊन राखेने हात घासले. लुगडं बदललं. डबा आता तळाशी आला होता, आणि कितीतरी दिवसांनी मला श्वास पुरता घेता आला. सासरे वाचले असं मला वाटलं. जगात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही असंही वाटलं.

अर्धा तासही झाला नसेल. दुकानापुढे गलका झाला. मी दाराच्या फटीतून बघितलं. कंट्रोलचा साहेब त्याच दिवशी गावात आला होता, मोटारीने नव्हे, सायकलीने, म्हणून आवाज आला नव्हता. बाजाराच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर तो शिपायाला घेऊन उभा होता आणि बाटल्या बघत होता. तिला त्याने तिथेच धरलं आणि जवळचं परवान्याचं दुकान म्हणून आमच्याकडे आणलं. शिपायाच्या हातात तिची बाटली आणि तुंबा होता. ती मुलाला छातीशी धरून उभी होती.

"शेठजी, हे तुमच्या दुकानातलं?" साहेबाने विचारलं.

"नाही साहेब." सासरे साहेबापुढे शाळेतली मराठी बोलत. "मी हिला तीन बाजार परत पाठवलं. सगळी पेठ साक्षीला आहे."

साहेबाने रजिस्टर मागितलं. काठी पिंपात बुडवली. पुन्हा बुडवली. थेंबाचाही फरक नव्हता. सासऱ्यांचा सरळपणा तिथे चोख उभा होता. साहेब त्या बाईकडे वळला.

"कुठून आणलंस?"

ती बोलली नाही.

"कोणी दिलं? नाव सांग, तुला सोडून देतो."

मूल रडायला लागलं. साहेबाने वळून पाहिलं, दुकान, पिंप आणि मग मधलं दार. त्या दाराच्या मागे मी होते. माझा हात कडीवर होता. मला वाटतं, त्याला घुंगटाची कड दिसली असावी.

"घर एकदा बघून घेतो," तो म्हणाला.

"घरात बायकामाणसं आहेत साहेब," सासरे म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका चिरकला की तो ऐकूनच कोणालाही संशय आला असता. डब्यात तळाशी राहिलेलं घासलेट दोन बाटल्यांच्या वर होतं की आत, मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. ते तर डबा अजून अर्धा भरलेला आहे असंच समजत होते. ते पिंपाला टेकून उभे होते, आणि त्यांचे दोन्ही हात मनगटापाशी एकमेकांना धरलेले होते, जणू कोणीतरी आधीच बांधून ठेवले होते.

मी बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं: मी दिलं. दोन शब्द. मी ते मनात म्हटलेही. मग ओळीने पुढचंही दिसलं: कुठून दिलं, डबा कुठे आहे, डबा कुणाच्या घरातला. म्हणजे दोरी सासऱ्यांनाच. असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आले, आणि ते खोटंही नाही. पण त्या घडीला मी हिशेब करून गप्प बसले नव्हते. परक्या पुरुषांसमोर, सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं ही गोष्टच माझ्या अंगात नव्हती.

साहेबाने दाराकडे एक पाऊल टाकलं.

"मी चोरं," ती बाई म्हणाली.

साहेब थांबला.

"गाडीवरतीन चोरं. तठे, नदीकडे. बैलगाडी व्हती." तिने हाताने कुठेतरी दाखवलं. बोलताना ती साहेबाकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

साहेबाला ते लगेच पटलं. डोंगरातली माणसं चोरी करतात, हे त्याला आधीच माहीत होतं. त्याने सासऱ्यांना 'तुमचं काम चोख आहे' असं म्हणून रजिस्टर परत दिलं. शिपायाने तिच्या दंडाला धरलं. मूल तिच्याकडेच होतं. बाजारातली माणसं वाट करून देत होती, आणि ती पेठेतून चालत गेली. तिच्याही पायात वहाण नव्हती, पण ते कोणी बोललं नाही, तिच्या पायात ती कधीच नसायची.

संध्याकाळी सासरे जेवले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. "कोठे चोरी करी व्हई तिनी?" असं ते दोनदा म्हणाले आणि पुन्हा ताटाकडे वळले. सासूबाई मागच्या खोलीत गेल्या, डबा हलवून आल्या आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सगळं सांगावं लागणार.

"वतं तं नई ना कोठे?" त्यांनी विचारलं. "मुंग्या-बिंग्या?"

"नई," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांना विचारायचं नव्हतं हे मला कळलं, आणि मला सांगायचं नव्हतं हे त्यांना.

त्यानंतर बाजारामागून बाजार गेले. ती आली नाही. तिला कुठे ठेवलं, किती दिवस ठेवलं, कोणी मारलं का, मूल कोणाजवळ होतं, मी कोणाला विचारू शकत नव्हते. विचारलं असतं तर 'तुला काय करायचंय?' असं झालं असतं. मी अंधारात पडल्या पडल्या तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करायची आणि मला फक्त तिची दाराकडची नजर आठवायची. चौमासा उठला. सासूबाईंनी तळाचं घासलेट कंदिलात भरलं, वात लावली आणि म्हणाल्या, घर कसं हसायला लागलं. मी डोळे दुखतात म्हणून बाहेर जाऊन बसले.

पौष लागला असेल. डोंगरातल्या गावांनाही एव्हाना कार्डं मिळायला लागली होती. सरकार उशिरा का होईना पोचलं होतं. एका बाजारी दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर ती दुकानापुढे येऊन उभी राहिली. मी दाराआडून तिला लगेच ओळखलं. वाळली होती. पाठीवर झोळी होती, झोळीत मूल होतं. मूल दिसलं आणि माझे डोळे भरून आले.

सासऱ्यांनीही ओळखलं. चोर म्हणून ओळखलं असावं, कारण ते जरा सावरून बसले.

"मीठ दे," ती म्हणाली. मीठ झोळीच्या कोपऱ्यात बांधून घेतलं, पण गेली नाही. तिथेच उभी राहिली.

"आनि काय जोयजे?" सासरे म्हणाले.

"शेठ, तुन्ही ती सून... घुंगटवाली." ती अडखळली. "बरी शे ना? तिले कोणी काई करं तं नई ना?"

सासरे तिच्याकडे बघत राहिले. माझा चेहरा त्यांनीही कधी पाहिला नव्हता. ह्या बाईने मला कुठे पाहिलं? मग ते सावकाश वळले, मधल्या दाराकडे. त्यांचा चेहरा मला फटीतून सरळ दिसत होता. डबा कसा उतरला, ती 'चोरी' कुठली, ते सगळं त्यांना कळत गेलं ते मी बघितलं.

"बरी शे," शेवटी ते तिला म्हणाले. आणि मग दाराकडे बघून, दोन वर्षांत पहिल्यांदा, मला म्हणाले, "बेटा, बाहेर ये."

साहेब गावात नव्हता. शिपाई नव्हता. डबा रिकामा होऊन भंगारात गेला होता. ज्यांना भ्यायचं तेच मला बेटा म्हणून बोलावत होते, आणि पलीकडे ती उभी होती, दाराकडे बघत, मी धड आहे एवढंच बघायला. भ्यायला काहीही उरलं नव्हतं.

मी कडीला धरून उभी राहिले आणि गेले नाही. ती थोडा वेळ थांबली, मग ऊन कलायला लागलं म्हणून निघून गेली.